‘मेस’ या शब्दाची गोष्ट

दिवाळीच्या सुट्टीला जाण्याआधी इंग्रजीच्या सरांनी आम्हा दहावीच्या मुलांना एक काम दिले. रोज कानावर पडणारा एक इंग्रजी शब्द निवडायचा, त्याचे सापडतील तितके अर्थ लिहायचे आणि तो मुळात कुठून आला हे शोधायचे. कुणी ‘ड्रिल’ घेतला, कुणी ‘चार्ज’, कुणी ‘कंपनी’. मी ‘मेस’ घेतला. वर्गात हशा पिकला, कारण जेवणाच्या बाबतीत मी मागे राहत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण माझे कारण वेगळे होते. हा एकच शब्द मी दिवसातून दहा वेळा ऐकतो आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ बदललेला असतो.

सकाळची पीटी संपली की मेससाठी फॉल-इन होतो. तेव्हा मेस म्हणजे इमारत. रात्री डॉर्मिटरीत कुणी विचारतो, “आज मेस कैसा था?” तेव्हा मेस म्हणजे जेवण. कॅम्पला जाताना पाठीवरच्या पिट्टूत मेस टिन असतो. तिथे मेस म्हणजे ज्यात वाढून घ्यायचे ते भांडे. इन्स्पेक्शनच्या दिवशी कपाट उघडून हाउसमास्टर म्हणतात, “व्हॉट अ मेस!” तेव्हा मेस म्हणजे पसारा. फुटबॉलच्या मैदानावर एखाद्या दांडगट बॅकविषयी कुणी बजावतो, “डोन्ट मेस विथ हिम.” म्हणजे त्याच्या वाटेला जाऊ नकोस. आणि पुण्यात इंजिनिअरिंगला असलेली माझी ताई फोनवर सांगते, “मी नवीन मेस लावली.” तिच्या मेसची जागा तिने कधी पाहिलेलीसुद्धा नाही. तिच्या खोलीवर डबा येतो, तीच तिची मेस. शिकवणी लावावी, पेपर लावावा, तशी मराठीत मेस लावतात.

यातले दोन अर्थ मला एकमेकांचे शत्रू वाटले. आपल्या शाळेत सर्वांत जास्त शिस्त कुठे असेल तर ती मेसमध्ये. खुर्ची ओढल्याचा आवाज नाही, ग्रेस म्हणून होईपर्यंत ताटाला हात नाही, काटा डावीकडे, सुरी उजवीकडे. आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ पसारा, गोंधळ! हे एकाच घरात कसे नांदतात, हे मला शोधायचे होते.

ग्रंथालयातल्या मोठ्या शब्दकोशांनी मला थेट लॅटिन भाषेत नेऊन सोडले. लॅटिनमध्ये ‘मित्तेरे’ असे एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ सोडणे, पाठवणे. पुढे पुढे त्याला ‘ठेवणे, मांडणे’ असाही अर्थ आला. त्यापासून ‘मिसस’ हा शब्द झाला. मिसस म्हणजे पाठवलेले, मांडलेले, आणि जेवणाच्या संदर्भात स्वयंपाकघरातून पंगतीत आणून मांडलेला पदार्थ. जुन्या फ्रेंच भाषेत त्याचा ‘मेस’ झाला. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि त्यांच्या फ्रेंच भाषेतले कितीतरी शब्द इंग्रजीत आले. बीफ, मटन, पोर्क हेही त्याच वाटेने आलेले. इसवी सन १३०० च्या सुमारास इंग्रजीत मेस म्हणजे एका वेळचे वाढलेले अन्न असा अर्थ रूढ होता. बायबलमधल्या एसावने भुकेपोटी आपला थोरलेपणाचा हक्क धाकट्या भावाला, याकोबाला, मसुरीच्या वरणासाठी देऊन टाकला. त्या वरणालाही इंग्रजीत ‘मेस’ असेच म्हटले जाते. म्हणजे आपल्या मेसमध्ये जी डाळ रोज असते, तिचा आणि या शब्दाचा संबंध फार जुना आहे!

यानंतर शब्दाने एक उडी घेतली. आधी तो अन्नाचे नाव होता, मग अन्न खाणाऱ्यांचे नाव झाला. जुन्या इंग्लंडमध्ये मोठ्या मेजवानीत चार-चार जणांचा गट करून त्यांच्यात एकत्र वाढत. त्या चौघांच्या गटाला मेस म्हणू लागले. लंडनमध्ये बॅरिस्टर घडवणाऱ्या ‘इन्स ऑफ कोर्ट’ नावाच्या संस्था आहेत. तिथे चौघांची मेस करून जेवायची पद्धत पुढे शेकडो वर्षे टिकली. बॅरिस्टर व्हायचे तर नुसत्या परीक्षा देऊन भागत नसे, ठरावीक वेळा तिथे जाऊन जेवावे लागे. महात्मा गांधी १८८८ मध्ये इनर टेंपल या संस्थेत दाखल झाले. त्यांनी आत्मकथेत याविषयी मजेदार हकीकत लिहिली आहे. चौघांत मिळून वाइनच्या दोन बाटल्या मिळत. गांधीजी दारूला शिवत नसत. त्यामुळे आपल्या चौकडीत गांधी असावा म्हणून बाकीच्यांची ओढाताण चाले. दोन बाटल्या तिघांत, हिशेब सोपा!

डॉ. बाबासाहेब आंबेडकरही लंडनचे बॅरिस्टर. त्यांची संस्था ग्रेज इन. मी सातारा जिल्ह्यातला आणि फौजीचा मुलगा. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते आणि बाबासाहेबांचे बालपणातले काही शिक्षण साताऱ्यात झाले, म्हणून हे वाचताना मी थांबलो. साताऱ्याच्या शाळेत त्यांना नळाला हात लावायची मनाई होती. शिपायाने वरून पाणी ओतले तरच प्यायला मिळे. ज्यांना पाण्याला शिवू दिले नाही, त्यांनी वकिलीच्या शिक्षणासाठी निवडलेल्या संस्थेत एका टेबलाला बसून जेवणे हा शिक्षणाचाच भाग होता. मराठीत ‘पंक्तिप्रपंच’ असा एक शब्द आहे. एकाच पंगतीत एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरे वाढणे, म्हणजे पंक्तिप्रपंच. ज्या भाषेत हा शब्द आहे, तिथे तो प्रकारही भरपूर होता हे उघड आहे. मेस हा शब्द त्याच्या अगदी उलट बाजूला उभा आहे.

किती उलट, ते मला जहाजावर कळले. म्हणजे जहाजाच्या इतिहासात. ब्रिटिश नौदलात खलाशांचे छोटे गट असत आणि प्रत्येक गटाचे टेबल दोन तोफांच्या मधल्या जागेत टांगलेले असे. हा गट म्हणजे मेस आणि त्यातला सोबती म्हणजे मेसमेट. मांसाचे तुकडे कधी सारखे होत नाहीत, म्हणून वाटपाची एक रीत होती. एक जण पाठ फिरवून उभा राही. दुसरा एका तुकड्याकडे बोट करून विचारे, “हा कुणाला?” पाठ फिरवलेला माणूस एक नाव घेई. तो तुकडा त्याचा. कुणाला तक्रार करायला जागाच नाही.

१७८९ मध्ये ‘बाउंटी’ जहाजावर बंड झाले. बंडखोरांनी कॅप्टन ब्लाय आणि त्याच्या अठरा साथीदारांना एका उघड्या नावेत बसवून समुद्रात सोडून दिले. त्यातला एक जण टोफुआ बेटावर मारला गेला, अठरा उरले. ते सुमारे ३६०० सागरी मैल प्रवास करून तिमोरला पोहोचले. वाटेत एक लहानसा समुद्रपक्षी हाती लागला, तर ब्लायने त्याचे अठरा भाग केले आणि “हा कुणाला?” याच रीतीने वाटले. कॅप्टनलाही तोच नियम. एका पक्ष्याच्या अठराव्या भागाने कुणाचे पोट भरणार? पण त्या नावेत वाटणीवरून भांडण पेटले असते तर नाव तिमोरला पोहोचली नसती, असे मला वाटते.

मग पसारा हा अर्थ कुठून आला? त्याचीही वाट ताटातूनच जाते. मेस म्हणजे वाढलेले अन्न, मग शिजवलेले पातळ किंवा कालवलेले अन्न, मग अठराव्या शतकात जनावरांपुढे ठेवायचे कालवलेले खाणे. कालवलेले म्हटले की सरमिसळ आली. एकोणिसाव्या शतकात कुठल्याही सरमिसळीला, घाणीला, गोंधळाला मेस म्हणू लागले. आमच्या टेबलावर सांबार, राजमा आणि दही एकाच वेळी भातावर घेणारा एक मित्र आहे. त्याचे ताट पाहिले की शब्दाचा हा सगळा प्रवास एका नजरेत समजतो.

मात्र सैन्याने जुना अर्थ सोडला नाही. एकत्र जेवणारे ते मेस, ही गोष्ट तिथे टिकली आणि तिथूनच ती आपल्या शाळेत आली. सुट्टीत बाबा रजेवर घरी होते. त्यांना हे सांगितले तर ते म्हणाले, “आमच्यात जवानांच्या मेसला लंगर म्हणतात.” मग मी लंगर शोधला. फारसीत लंगर म्हणजे जहाजाचा नांगर, आणि जिथे सर्वांना जेवण मिळते ती जागाही लंगरच. गुरुद्वारातला लंगर आपण सर्वांनी पाहिला आहे. तिथे जमिनीवर एका रांगेत बसायचे आणि सर्वांनी तेच खायचे. जहाज जिथे थांबते ते लंगर आणि माणूस जिथे जेवतो तेही लंगर, हे मला फार पटले.

वर्गातल्या ज्या मित्राने ‘कंपनी’ शब्द घेतला होता, त्याच्या वहीतही जेवणच निघाले. लॅटिनमध्ये ‘कॉम’ म्हणजे सोबत आणि ‘पानिस’ म्हणजे पाव. ज्यांची भाकरी एक, ते कंपॅनियन, आणि अशा सोबत्यांची ती कंपनी. ‘कॉम्रेड’ शब्द खोली या अर्थाच्या शब्दावरून आला. एका खोलीत राहणारे ते कॉम्रेड. म्हणजे सैनिकांच्या या शब्दांच्या मुळाशी बंदूक किंवा तलवार नाही. तिथे भाकरी आहे, खोली आहे आणि वाढलेले ताट आहे. एनडीएची तयारी करताना आम्ही शौर्याच्या खूप गोष्टी वाचतो. त्या खऱ्या आहेतच. पण एकमेकांसाठी लढणारी माणसे आधी एकमेकांबरोबर जेवलेली असतात, हे मला या शब्दांनी सांगितले.

आता राहिले मूळ क्रियापद, मित्तेरे, पाठवणे. त्याची पोरेबाळे पाहून मी थक्क झालो. मिशन म्हणजे ज्या कामासाठी पाठवले ते काम. मिसाइल म्हणजे जे सोडले, फेकले ते. मेसेज म्हणजे पाठवलेला निरोप. परेड संपल्यावरचे ‘डिसमिस’ही त्यातलेच, म्हणजे जाऊ देणे. प्रॉमिसही त्यातलेच. आणि ज्याचे स्वप्न आम्ही सगळे पाहतो ते ‘कमिशन’ही त्याच कुळातले. राष्ट्रपतींकडून मिळणारे कमिशन म्हणजे विश्वासाने सोपवलेली जबाबदारी. मेस आणि कमिशन हे एकाच घरातले भाऊ आहेत.

पण ‘पाठवणे’ हा शब्द माझ्यासाठी सोपा नाही, आणि इथे बसलेल्या पुष्कळ कॅडेट्ससाठीही नसावा. मला सहावीत इथे प्रवेश मिळाला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आजी बाबांवर चिडली होती. “एवढ्याशा पोराला कशाला पाठवताय एवढ्या लांब?” बाबा एवढेच म्हणाले, “आपल्यात पोरं पाठवायची रीतच हाय, आई.” आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. दोन रात्री रेल्वेत काढून मी इथे आलो. पहिले वर्षभर दिवे बंद झाले की माझ्या डोक्यात तो एकच शब्द फिरे. मला पाठवले. गावातल्या बाकीच्या मुलांना त्यांच्या आईबाबांनी ठेवून घेतले आणि मला पाठवले.

या कामाच्या निमित्ताने मी मराठी ‘पाठवणे’चेही मूळ पाहिले. मला वाटायचे, पाठ फिरवण्याशी त्याचा संबंध असेल. तसा तो नाही. तो संस्कृत ‘प्रस्थापय’ या रूपावरून आला आहे, त्याचा अर्थ निघायला लावणे. ‘प्रस्थान’ शब्द त्याच धातूचा. आषाढी वारीसाठी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे आळंदीहून प्रस्थान होते, ते प्रस्थान. ती पालखी आमच्या फलटण तालुक्यातून जाते. त्या दिवसांत वारकऱ्यांसाठी गावोगाव चुली पेटतात. माझी आजीही भाकऱ्या थापते आणि अनोळखी माणसाला हाताला धरून जेवायला बसवते. जो निघाला आहे त्याला वाटेत कुणीतरी जेवू घालायचे, हे आमच्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. पाठवणे आणि जेवू घालणे हे दोन अर्थ लॅटिन भाषेत एका शब्दात एकत्र आले, ते मला आजीच्या ओसरीवर आधीच एकत्र दिसत होते.

यंदा मी मेसमध्ये टेबल सीनियर आहे. आमच्या टेबलावर आठ जण आणि सहा भाषा. सहावीतला एक छोटा कॅडेट मिझोरामहून आला आहे. सुट्टीनंतर परत आल्यावर त्याला फारच जड गेले. चार दिवस रात्री तो ताटातल्या चपातीकडे बघत बसे. पाचव्या दिवशी मी भाताचे भांडे त्याच्यासमोर सरकवले आणि विचारले, “घर की याद आती है?” तो खाली बघून म्हणाला, “भैया, घर से भेज दिया।”

तेच वाक्य. भाषा तेवढी वेगळी. उपदेश करायला मला काही सुचले नाही. डोक्यात सरांचे काम होते, म्हणून मी त्याला मेस या शब्दाची गोष्ट सांगितली. म्हटले, या शब्दाचा पहिला अर्थच ‘भेजा हुआ’ असा आहे. त्याने थोडा विचार केला आणि डाळीच्या भांड्याकडे बोट करून विचारले, “तो यह दाल भी घर से भेजी हुई है?”

टेबलावर सगळे हसले. मी मात्र पटकन हसू शकलो नाही. बाबा उंचावरच्या पोस्टिंगवर असतात, त्यांच्या पगारातून माझी फी भरली जाते आणि त्या फीमध्ये मेसचे पैसे असतात. त्या पोराच्या घरीही कुणीतरी असेच काही करत असणार. मी त्याला म्हणालो, “हाँ, यह भी घर से आई है।” त्याने भात घेतला. मी वर डाळ वाढली.

मराठीत वाढणे या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. ताटात अन्न वाढतात आणि मूलही वाढते. लहानपणापासून दोन्ही अर्थ वापरत आलो, पण ते एकच रूप आहे हे त्या रात्री डाव हातात असताना माझ्या लक्षात आले.

मित्रांनो, आपली शाळा आपल्याला पुष्कळ मोठे शब्द देते. ड्यूटी, ऑनर, करेज. मेस त्यांच्या रांगेत बसणारा शब्द नाही. तो बोर्डावर सोनेरी अक्षरांत लिहीत नाहीत. पण तुमच्या शेजारी बसलेला मुलगा जेवतो आहे की नाही, हे पाहायला पहिल्यांदा हाच शब्द शिकवतो. पुढे कधी आपल्या हाताखाली जवान असतील, तेव्हाही पहिला प्रश्न हाच असेल.

आणि आई, हे मासिक शाळेकडून टपालाने घरी येईल तेव्हा तू हे पान नक्की वाचशील. दर रविवारी फोनवर तू सर्वांत आधी विचारतेस, “जेवलास का?” मार्क, धावण्याची वेळ, सरांचे शेरे हे सगळे नंतर. या रविवारचे उत्तर इथेच लिहून ठेवतो. हो आई, जेवलो. आम्ही आठही जण जेवलो.